बिनलसीच्या कालवडी

सासूबाईंना खरी गाय हवी होती. रेगेन्सबर्गच्या फ्लॅटात पाटावर छापील गाय मांडून वसुबारस करू, असं हृषिकेशने सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बायको गाईंची डॉक्टर, आणि मी कागदाला कुंकू लावू होय रे?"



प्रभा गाईंची डॉक्टर होती हे खरं. परभणीला शिकून ती इथे पीएचडीला आली होती. शहराबाहेर टेकडीवर रेझी कागरर नावाच्या बाईंचा कळप होता. काळ्या, बिनशिंगी, मांसासाठी पाळलेल्या गाई. मांस हा शब्द मात्र घरात कुणी काढत नसे.

"दूध किती देतात गं?"

"वासराला पुरेल एवढं, आई."

विषय तिथेच मिटायचा.

या कळपावर प्रभाचा अभ्यास चालला होता. निम्म्या कालवडींना बीव्हीडी या गुरांच्या रोगाची लस द्यायची आणि निम्म्या तुलनेसाठी तशाच ठेवायच्या. कळप वर्षानुवर्षं स्वच्छ होता, म्हणून रेझी तयार झाली. "हो, हो, करा तुमचं काय ते. इथे रोग यायचा कुठून?"

रोग तसा दिसायला किरकोळ. मोठ्या गाईला ताप येतो, नाक वाहतं, संपलं. पण गाय गाभण असली आणि पोटातलं वासरू अगदी कोवळं असलं, तर विषाणू त्या वासरात जाऊन बसतो तो कायमचा. असं वासरू जन्मभर इतरांना रोग वाटत फिरतं, कधीकधी दिसायला अगदी गुटगुटीत. त्याला औषध नाही. कायदा म्हणतो, मारा.

लस द्यायची ती गाभण राहण्याआधी.

आधी.

*

वसुबारसेला गाय हवी आणि तिच्यासोबत तान्हं वासरू हवं. नोव्हेंबरात ते आणायचं कुठून? रेझीची वासरं वसंतात जन्मलेली, आता दांडगी झाली होती. तान्हं एकच होतं, मागच्या वेगळ्या गोठ्यात. त्याची आई गाभण असताना विकत आणलेली. तिचं स्वतःचं रक्त स्वच्छ निघालं होतं. तिथेच ती व्याली. वासराच्या कानात बिल्ला टोचताना कानाचा एक कण नळीत पडतो आणि तपासणीला जातो. या वासराची नळी रिकामी निघाली होती. दुसरा बिल्ला यायचा होता. निकाल येईपर्यंत दोघांनी वेगळं राहायचं, असा नियम. प्रभानेच सांगितलेला.

त्या सकाळी प्रभाने काय काय सांभाळलं! सासूबाई आठवड्यापूर्वीच लातूरहून आल्या होत्या, आणि तिकडच्या गुरांत लाळ्या-खुरकूत असते. म्हणून त्यांच्या चपला गाडीतच ठेवायला लावल्या. रबरी बूट दिले, वर निळे प्लास्टिकचे मोजे चढवले. अंगात रेझीचा धुतलेला कोट. उडदाचे वडे डब्यात आणले होते, ते काढून घेतले.

"अगं, घास तरी देऊ दे."

"नाही आई. घरचं काही खाऊ घालायचं नाही. इथे गुन्हा आहे तो."

"गाईला घास देणं गुन्हा! आणि तू म्हणतेस चांगला देश आहे."

रेझी दारात उभी राहून हसत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण सासू-सून मात्र बरोबर कळत होती.

मागच्या गोठ्यात चिखल आणि अंधार. सासूबाईंचा पाय घसरला, प्रभाने दंड धरला म्हणून वाचल्या. एकदा मांडीचं हाड मोडलेली बाई.

"गाय-वासराला पुढे घेऊन येऊ का?" प्रभाने रेझीला विचारलं. "मोठ्या गोठ्यात, सिमेंटवर. दहा मिनिटं."

"चालतं का तसं?" रेझी म्हणाली. "डॉक्टर तुम्ही आहात."

प्रभाने मागे पाहिलं. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात ताम्हन. वासरू उड्या मारत होतं. तरतरीत, चमकदार अंगाचं.

"चालतं," प्रभा म्हणाली.

*

दहा मिनिटं अशी.

गाय मधल्या वाटेत. वासरू तिच्या पोटाशी. सासूबाई वाकतात, खुरांवर पाणी घालतात. गाईला कुंकू. वासराला कुंकू. काळ्या कपाळावर ते उठून दिसत नाही, म्हणून आणखी थोडं. ओवाळणं. डोळ्यांत पाणी. "माझ्या जन्मात इतकी शांत गाय पाहिली नाही." रेझी मोबाइलवर फोटो काढते. दोन्हीकडच्या गव्हाणींतून कालवडी माना बाहेर काढतात. नवं वासरू, नवा वास. एक लांब करडी जीभ येते आणि वासराच्या कपाळावरचं कुंकू चाटते. मग दुसरी. मग शेजारची. सासूबाई हसतात. "बघ, प्रसाद हवाय त्यांना." प्रभाही हसते.

डाव्या बाजूच्या कालवडी. पिवळ्या पट्टीच्या.

बिनलसीच्या. तीन महिन्यांच्या गाभण.

फोटोत प्रभाचा हात वासराच्या पाठीवर आहे.

*

दुसऱ्या बिल्ल्याचा निकाल आला. वासरात विषाणू होता. पुन्हा तपासला. तोच.

त्या वासराला सरकारी डॉक्टर घेऊन गेले. प्रभाने घरी सांगितलं, विकलं. सासूबाई तोवर लातूरला परतल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "चांगल्या घरी गेलं ना?"

"हो आई."

मग पिवळ्या पट्टीच्या कालवडींचं रक्त. डिसेंबरच्या धुक्यात एकेकीला अडकवून शेपटीखाली सुई. एकजात सगळ्यांना लागण होऊन गेलेली. पलीकडच्या, लस दिलेल्या, सुरक्षित.

"आत्ता टोचली तर?" रेझीने विचारलं.

"आत्ता उपयोग नाही."

"पोटातल्यांचं कळेल?"

"जन्मल्यावरच."

"सगळी तशी निघतील?"

"बहुतेक. एखादं सुटेलही. कोणतं, ते सांगता येत नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला," रेझी म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चालतं का, असं विचारलं होतं."

"हो. विचारलं होतं."

प्राध्यापकांना प्रभाने सगळं सांगितलं. अगदी कुंकवासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला, वाईट झालं म्हणाले, आणि मग जरा वेळाने म्हणाले, "आल्झो, म्हणजे, अभ्यासाच्या दृष्टीने मात्र इतका स्पष्ट फरक आपल्याला एरवी मिळाला नसता." हे खरंच होतं. प्रभाने प्रबंधात तसं लिहिलंही. शब्द चांगले जुळून आले.

रात्री हृषिकेश म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस ना. मग?"



*

हिवाळाभर कालवडींची पोटं वाढत राहिली. प्रभा दर आठवड्याला जात असे. रेझी दार उघडायची, पण कॉफी देत नसे. चांगला चारा, कोरडं गवत, पाय घसरू नये म्हणून भुसा, कशातही कमी नाही. जणू काही झालंच नव्हतं.

मे महिन्यात पहिली व्याली. वासरू मोठं निघालं. आईने चाटून कोरडं केलं, अर्ध्या तासात चार पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उठलं आणि थेट आचळाला लागलं. इतकं धडधाकट वासरू त्या गोठ्यात दोन-तीन वर्षांत झालं नव्हतं.

"बघा तरी," रेझी म्हणाली. "असलं वासरू आजारी असतं का?"

प्रभाने बिल्ला टोचला. कण नळीत पडला होता. तिने उजेडात धरून दोनदा पाहिला.

"उद्या सुट्टी आहे," रेझी म्हणाली. मान दुसरीकडेच. "मग शनिवार, रविवार. सोमवारी पाठवा की. चार दिवस पिऊ दे त्याला. कुणाला काय कळतंय?"

आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाकडे सवलत मागत असावी. तिला मागता येत नव्हतं.

शेजारच्या कप्प्यात आणखी तिघी व्यायला टेकल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे या मोसमात नव्याने गाभण करायच्या कालवडी. प्रभाला हो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता.

"नाही, फ्राउ कागरर," ती म्हणाली. "आजच. आणि या दोघांना आत्ताच मागच्या गोठ्यात हलवूया."

रेझीने तिच्याकडे पाहिलं.

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "आता कळतंय तुम्हाला."

मग तिने दोरी घेतली आणि वासराला आचळापासून ओढून काढलं. ते ओरडलं. आई ओरडली. तोंडाला लागलेला चीक गळत होता. प्रभाने मागून ढकलायला हात लावला, कारण एकटीला ते आवरत नव्हतं. चांगलंच जोरकस होतं.