बसू रडत नाही

माझा बसू जिन्यावरून पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. धप्पकन आवाज आला म्हणून धावत बाहेर आले, तर तो खालच्या पायरीशी बसलेला. गुडघा सोलून रक्त निथळत होतं. तोंड उघडलं होतं. रडू आतून वर येताना मला दिसलं, अगदी दिसलं. मग त्यानं मान वळवून पलंगावर बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"अळबेड," आप्पा म्हणाले. रडू नको. आमच्या घरात सगळं बोलणं मराठीत चालतं, पण देवाचं करायचं आणि पोरांना दटावायचं ते कानडीत. मग तिथं बसलेल्या दोन कार्यकर्त्यांना ते म्हणाले, "बघा, रडला का? वाघ हाय माझा."

कार्यकर्ते हसले. बसूही हसला. पाच वर्षांचं पोर, गुडघ्यातून रक्त वाहतंय आणि हसतंय.

गेल्या वर्षी इंजेक्शन देताना ह्याच पोरानं डॉक्टरांचा दवाखाना डोक्यावर घेतला होता. तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटतं, ते रडणं कुठं गेलं? मी लक्ष ठेवून असते. तो झोपेत दात खातो. रंगीत खडू मोडला तर आधी दाराकडे बघतो, कोण आलंय का ते.

आमच्या घरात पोरांना मारत नाहीत. आप्पांना ह्याचा मोठा अभिमान. मारायचं नाही, फरशी दाखवायची. गच्चीवर शहाबादी फरशी आहे. एप्रिलच्या दुपारी तिच्यावर पाणी शिंपडलं तर ओल दिसायच्या आत वाळतं. चूक केलेल्या पोरानं तिथं अनवाणी उभं राहायचं. रडलं की वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझे पती प्रभुलिंग तिथं उभे राहिलेत. त्यांच्या आधी आप्पा, जुन्या घराच्या गच्चीवर.

आप्पा, म्हणजे शिवप्पा, सोलापूरच्या भवानी पेठेतून कितीतरी वर्षं नगरसेवक होते. भाषणात ते ही गोष्ट हमखास सांगतात. "लहानपणी मी खोटं बोललो, तर बापानं मला भर उन्हात फरशीवर ठेवलं. तळपाय भाजले, पण हूं का चूं केलं नाही. आजकालच्या पोरांना हे पाहिजे!" टाळ्या पडतात. आयाबाया मान हलवतात. आपल्या घरातल्या कुठल्यातरी पोराकडे बघून हलवतात, हे मी व्यासपीठामागच्या खुर्चीवरून पाहिलंय.

खरी गोष्ट मला अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी सांगितली. आम्ही दोघी चटणीसाठी शेंगा निवडत होतो.

"खोटं बोलले, असं काय नव्हतं गं," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या. "माय मेली होती त्यांची. सहा वर्षांचं लेकरू, रडायचं थांबेना. मातीला माणसं जमलेली. त्यांच्या बापाला, मामंजींना, लाज वाटली, पोरगा बाईगत रडतोय म्हणून. उचलून वर नेऊन ठेवलं. मायला न्हेलं तेव्हा हे गच्चीवरच होते."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? त्यांच्या मावशीनं सांगितलं." आणि लगेच, "तू कुठं बोलू नको. शिकलेल्या सुना सगळ्याचा अर्थ काढत बसतात."

मी बोलले नाही. पण त्यानंतर आप्पांची गोष्ट ऐकताना मला एवढंसं पोर दिसायचं आणि त्याच्या पायाखालून निघालेली आईची तिरडी.

मार्चमध्ये आमच्या गल्लीला पाचव्या दिवशी यायचं ते पाणी आठव्या दिवशीही आलं नाही. प्रभुलिंग नुकतेच नगरसेवक म्हणून निवडून आलेले. बायका घागरी घेऊन दारात आल्या. प्रभुलिंगांनी पाण्याची चावी सोडणाऱ्या पालिकेच्या मायाप्पाला बोलावून घेतलं. वयानं आप्पांच्या जवळपासचा माणूस. वरूनच पाणी नाही, असं तो सांगत होता. प्रभुलिंगांनी त्याला चपला काढायला लावल्या आणि चौकातल्या चेंबरच्या लोखंडी झाकणावर उभं केलं. दुपारचा दीड वाजला होता.

मी खिडकीतून पाहत होते. प्रभुलिंगांचा आवाज चढलेला नव्हता. ते शांत होते, हेच मला सहन होईना. मायाप्पा एकेक पाय उचलायला लागला, तसे ते म्हणाले, "पाय खाली. आता पहिल्यापासून."

कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सोलापुरात फिरला. त्या रात्री मला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर आशाही वाटली. पक्ष ह्यांना जाब विचारेल. पद जाईल. लग्नानंतर हे पुण्यातल्या मित्राच्या कारखान्यात जायचं म्हणत होते, ते पुन्हा म्हणतील. बसू त्या गच्चीपासून लांब वाढेल.

सकाळी शेजारची दानेश्वरी पाण्याच्या बादल्या मिरवत आली. "पाणी आलं की गं! तुझा नवरा म्हणजे ना! असाच एक वर मंत्रालयात पाहिजे."

"मायाप्पाचे पाय भाजले गं."

"मग? आमचे खांदे दुखले तेव्हा कोण आलतं बघायला?" ती हसली. "आमच्या बारक्याला मी सांगितलंय, अभ्यास न्हाय केलास तर प्रभूदादाला बोलवीन."

तिसऱ्या दिवशी मायाप्पा स्वतः हार घेऊन आला. तक्रार नाही, काही नाही. पायात स्लीपर, त्यातून पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. "चुकलं सायेब," म्हणाला. आप्पांनी त्याला चहा पाजला. पक्षानं प्रभुलिंगांना शहर युवक अध्यक्ष केलं.

मी त्या रात्री विचारलं, "अहो, एक वचन द्या. बसूला फरशी दाखवायची नाही."

ते मोबाइलवर तोच व्हिडिओ पाहत होते. "मी कधी हात लावलाय का त्याला?"

"हात नाही. फरशी."

त्यांनी मोबाइल उशाखाली ठेवला. मग म्हणाले, "नाही दाखवणार. बस?" आणि पाय पांघरुणात ओढून घेतले. त्यांनी शब्द पाळला, हे मी लिहिलं पाहिजे. त्यांनीही बसूला फरशी दाखवली नाही, आप्पांनीही नाही.

प्रभुलिंगांच्या सत्काराच्या दिवशी दारात मांडव होता. दुपारपासून घरात माणसंच माणसं. मी जेवणाच्या गडबडीत आणि बसू दिसेना. मांडवात नाही, अत्तींपाशी नाही. दानेश्वरीचा बारका जिन्यावरून धावत खाली आला, "काकू, बसू लई भारी! अजून हाललाच न्हाय!"

मी गच्चीवर गेले.

बसू मधोमध उभा होता. अनवाणी, हात अंगाला चिकटवलेले, व्हिडिओत मायाप्पा उभा होता तसा नव्हे, ताठ. चेहरा लालबुंद. गल्लीतली पोरं सावलीत बसून टाळ्या वाजवत होती आणि जिन्याच्या तोंडाशी, छपराखाली, आप्पा.

"मी न्हाय सांगितलं," माझ्याकडे बघून ते पहिल्यांदा हेच म्हणाले. "आईशप्पथ न्हाय. आपण होऊन उभा राह्यलाय."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांना अभिमान म्हणावं की आणखी काही, मला कळलं नाही. मी तिथं थांबलेही नाही. बसूला उचललं, तर त्यानं माझ्या खांद्यावर गुद्दे मारले. "आई, सोड! तू मोडलंस! आता पहिल्यापासून करावं लागंल!"

खोलीत नेऊन त्याचे पाय गार पाण्यात धरले. टाचेवर आणि बोटांखाली फोड आले होते. मलम लावताना त्याचे ओठ पांढरे पडत होते आणि तो भिंतीकडे बघत होता.

"बसू, दुखतंय ना?"

"न्हाय."

"दुखतंय, राजा. रड की रे. इथं कोण नाहीये. मीच आहे फक्त."

"मी काय बाई हाय?"

खाली माइक सुरू झाला. आप्पांचा आवाज आला. "आज आमच्या नातवानं काय केलं ते सांगतो..." आणि मग टाळ्या, थांबतच नव्हत्या. बसूनं मान वर केली. पाच वर्षांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की मी उठले आणि दाराला आतून कडी घातली.

जिन्यावर प्रभुलिंगांची पावलं वाजली. "शिवलीला, बसूला दे. लोक बघायचं म्हणलालेत. खांद्यावरून न्हेतो, पाय टेकवू देणार न्हाय."

"नाही देणार."

"दोन मिनिटं गं. आप्पांनी सांगून टाकलंय."

"तुम्ही वचन दिलंत."

"मी उभं केलं का त्याला?"

मी दाराला पाठ लावून बसले. बसू पलंगावरून उतरला, भाजलेल्या पायांनी चालत आला आणि कडीकडे हात पोचेना तसा माझे केस ओढायला लागला. "उघड! मला जायचंय! मला बोलवलंय!" मी त्याला धरलं. तो सुटायला बघत होता, चावला, आणि मग त्याचं तोंड उघडलं आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, गळा फाटेल असा.

कित्येक महिने मी ह्या आवाजाची वाट बघत होते. पण तो पायांसाठी रडत नव्हता. त्या टाळ्या त्याच्या हातून निसटत होत्या, म्हणून रडत होता.

मग अगदी दाराला तोंड लावून प्रभुलिंग बोलले. चौकात मायाप्पाशी बोलले होते तो आवाज नव्हता. बारीक, घाईचा, मी आजवर न ऐकलेला.

"रडलालाय का तो? गप कर त्याला. शिवलीला, गप कर गं. आप्पा ऐकतील."

मी बसूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गप बस म्हणाले नाही. खाली कुणीतरी माइकचा आवाज वाढवला. दारापलीकडे प्रभुलिंग तसेच उभे होते. त्यांचा श्वास मला फटीतून ऐकू येत होता, भराभर चाललेला.