शंभरातले चार

बुधवारी सकाळी सात वाजता मी रेडिओवर सांगितलं, की आनातोल तोए यांच्या ‘दोर’ या चित्रपटाला मोठं बक्षीस मिळण्याची शक्यता शंभरात चार आहे. सोळा चित्रपटांत त्याचा क्रमांक नववा. मग मी दहाव्याकडे वळले. तोए यांच्या वाट्याला माझं जेमतेम दीड वाक्य आलं.

दर दोन वर्षांनी आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव आला, की आमच्या वागाडुगू शहरात जो तो भाकीत करतो. टॅक्सीवाला करतो, चवळी-भात विकणारी करते, न्हावी तर गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून करतो. शनिवारी मोठं बक्षीस, सोन्याचा घोडा, कुणाच्या हातात जाणार, एवढा एकच प्रश्न असतो. आमच्या रेडिओला त्यात आकड्यांनी बोलणारं कुणीतरी हवं होतं, आणि मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन आठ महिने घरी बसले होते.

माझी पद्धत साधी होती. मागच्या तेरा महोत्सवांचे निकाल, दिग्दर्शकाची आधीची बक्षिसं, चित्रपटाची लांबी, परीक्षक कुठल्या देशांचे, एवढं मांडायचं. शिवाय मी स्वतः चित्रपटगृहाच्या दारात उभी राहायचे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक चवळी आणि एक शेंगदाणा द्यायचे. चित्रपट आवडला असेल तर चवळी पिशवीत टाकायची, नसेल तर शेंगदाणा. पुष्कळ जण शेंगदाणा खाऊन टाकायचे. त्याची दुरुस्ती मी गणितात केली होती. जुन्या महोत्सवांवर हे सगळं लावून पाहिलं तेव्हा तेरापैकी सहा वेळा माझा पहिला खरोखरच पहिला आला. परीक्षक सात माणसं, बंद खोलीत बसलेली. त्या मानाने सहा वाईट नाही.

नऊच्या सुमारास देल्फिन तोए स्टुडिओत आली. आनातोल तोए यांची मुलगी, शाळेत शिकवते, चाळिशीची असेल. आमच्या कार्यक्रमाचा निवेदक सालफो दादा दारातच बसला होता. तोए म्हणजे सामो जमातीचे, आणि सालफो दादा माझ्यासारखाच मोसी जमातीचा. मोसी आणि सामो समोरासमोर आले, की पहिल्यांदा एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं, आणि रागवायचं कुणीच नाही, ही आमच्याकडची रीत आहे.

“आली का आमची गुलाम!” सालफो दादा ओरडला. “बरं झालं आलीस. सकाळपासून आमचं कुत्रं दिसत नाहीये. तुमच्या हंडीत डोकावून बघितलंस का?”

देल्फिनने उत्तर दिलं नाही. सालफो दादाचा चेहरा उतरला आणि तो उठून उभा राहिला. सामोने थट्टेला उत्तर दिलं नाही, तर घरात काहीतरी वाईट आहे असं समजायचं.

“नववा क्रमांक तूच दिलास ना?” तिने मला विचारलं.

“हो, ताई.”

“बाबा रोज सकाळी तुला ऐकतात. आजही ऐकलं. मग रेडिओ बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.”

ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. आनातोल तोए अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हृदय अशक्त, मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिस. ‘दोर’ करायला त्यांना अकरा वर्षं लागली. सोमवारी सकाळी दहाला त्याचा खेळ होता आणि त्याच वेळी इस्पितळात जायचं होतं. ते दोन्हीकडे गेले नाहीत. चित्रपटगृहात जाण्याइतका दम नव्हता, आणि इस्पितळात जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. काम झालं, आता मला त्या यंत्राला बांधू नका, म्हणाले. पाय सुजले होते. उद्याचा गुरुवार चुकला तर डॉक्टर शनिवारची खात्री देत नव्हते.

“उद्या सकाळी सांग, की आकडे बदलले,” देल्फिन म्हणाली. “पहिला क्रमांक ‘दोर’चा. आपण जिंकतोय असं वाटलं तर जातील ते. मला माहीत आहेत ना ते.”

“तसं नाही सांगता येणार.”

“का नाही?”

“तसं नाहीये म्हणून.”

“नोएली,” सालफो दादा मध्ये पडला, “सगळ्या शहराला नको सांगूस. एकट्या म्हाताऱ्याला सांग. फोनवर दोन मिनिटांची बातमी रेकॉर्ड करू, ही घरी नेऊन लावेल. त्यात कुणाचं काय जातं?”

माझं काय जातं ते मला नीट सांगता आलं नाही. आकडा चुकला तर चालतो, तो मुद्दाम चुकवायचा नसतो, एवढंच मला शिकवलं होतं. पण देल्फिन माझ्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, आणि त्या हातांकडे बघत नाही म्हणणं मला जमलं नाही. मागच्या खोलीत जाऊन मी सालफो दादाच्या फोनवर बोलले. ताज्या माहितीनुसार ‘दोर’, शंभरात पंचावन्न. माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला होता. त्याचीच मला लाज वाटली.

“तूही चल,” देल्फिन म्हणाली. “त्यांनी काही विचारलं तर मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही.”

तिच्या मोटरसायकलवर मागे बसून मी दापोया वस्तीतल्या त्यांच्या घरी गेले. अंगणात कडुलिंबाखाली खाट टाकलेली होती. आनातोल तोए उशीला टेकून बसले होते. हात वाळलेल्या काटक्यांसारखे, पाय मात्र ताणलेले, चकचकीत. मी मोसी हे त्यांनी माझ्या आडनावावरूनच ओळखलं.

“झुन्ग्राना? म्हणजे आमची गुलाम. ये. तुमच्या पूर्वजांना आम्हीच घोड्यावर बसायला शिकवलं, आणि तुम्ही बसलात ते उतरायलाच विसरलात.”

“खोटं, बाबा. तुम्ही घोडा धरून उभे होता. नोकर तसेच उभे राहतात.”

ते हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. देल्फिनने फोन उशाशी ठेवला. म्हणाली, आत्ता नऊच्या बातम्यांत लागलं, मैत्रिणीने पाठवलंय. माझा आवाज सुरू झाला. पंचावन्न. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

तिने परत लावलं.

“तुमच्या स्टुडिओतला पंखा कुठे गेला?” त्यांनी मला विचारलं.

मी देल्फिनकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच ‘सांगू नकोस’ असं खुणावलं.

“मी चित्रपटात आलो तो आवाज टिपायला. चाळीस वर्षं कानाला यंत्र लावून उभा होतो. तुमच्या स्टुडिओत डाव्या बाजूला एक पंखा आहे, त्याचं पातं घासतं. टिक्, टिक्. सकाळी तू मला चार दिलेस तेव्हा तो होता. या पंचावन्नात नाही. ही छोटी खोली आहे, आणि भिंतीला पोती लावलेली आहेत.”

तांदळाची पोती होती. सालफो दादाच्या बहिणीची.

“बाबा, मी सांगितलं तिला—” देल्फिन म्हणाली.

“तू गप्प बस. तू माझी मुलगी आहेस, तू खोटं बोलू शकतेस.” ते माझ्याकडे वळले. “सामोने मागितलेलं मोसीला नाकारता येत नाही. आठवतंय ना? खरा आकडा सांग.”

“चार.”

“सकाळचाच.”

“हो.”

“चार म्हणजे काय? नीट सांग. मला गणित येत नाही.”

“हाच आठवडा शंभर वेळा आला, तेच परीक्षक, तेच चित्रपट, तर त्यातल्या चार वेळा तुमचा जिंकेल. शहाण्णव वेळा नाही.”

“का एवढे कमी?”

मी सांगितलं. चित्रपट दोन तास चाळीस मिनिटांचा आहे. सोमवारी सकाळचा खेळ मिळाला, तो वाईट समजतात. आधी बाहेरच्या कुठल्या महोत्सवात गेला नाही. आणि लोक मध्येच उठून गेले.

“किती?”

“दोनशे चौदा आत गेले होते. एकसष्ट मध्येच बाहेर पडले.”

“कुठे? विहीर खणणारा खाली असतो आणि वरून नुसता दोर दिसतो, तिथे?”

“तिथेच. अकरा मिनिटं कुणी बोलत नाही, तिथे.”

देल्फिन उठून घरात गेली. भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. आनातोल तोए यांनी मान हलवली, जणू एकसष्ट त्यांच्या हिशेबातच होते.

“राहिलेले एकशे त्रेपन्न,” ते म्हणाले. “त्यांनी काय केलं?”

चवळ्या एकशे दोन होत्या, दुरुस्तीनंतर अठ्ठ्याऐंशी, असं सांगायला मी वही उघडली. त्या पानावर समासात माझीच एक ओळ होती. ती मी विसरले होते. वाचून दाखवली. “चित्रपट संपल्यावर प्रेक्षक बाहेर यायला चार मिनिटं उशीर. कारण माहीत नाही. मोजणीत अडथळा.”

“परत वाच.”

मी परत वाचली.

“दार बंद होतं का?”

“नाही, उघडं होतं. मी दारातच उभी होते. दिवे लागले होते. ते नुसते बसून राहिले.”

“बाकीच्या पंधरा चित्रपटांना असं झालं?”

मी पानं उलटली. तोवर अकरा चित्रपट दाखवून झाले होते. “दुसऱ्या कुठल्याही नाही.”

“आणि हे तू कुठे धरलंस?”

“कुठेच नाही, बाबा. चूक म्हणून सोडून दिलं.”

शेजारच्या अंगणात कुणीतरी बाजरी कांडत होतं. मग त्यांनी देल्फिनला हाक मारली.

“उद्या जायचंय,” ते म्हणाले.

ती दारात थांबली. “कुठे?”

“कुठे काय? यंत्राकडे. शनिवारपर्यंत थांबायचं तर उद्या जायला नको का?”

“चार टक्क्यांसाठी?” तिच्या आवाजात राग होता, आणि मला वाटतं तो माझ्यावर होता.

“पंचावन्न खरे मानले असते ना, तर आज दुपारी मी स्वस्थ झोपलो असतो. झालं, मिळालं, म्हणून. चार म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.” मग मला म्हणाले, “शनिवारी तू इथे बसायचंस. तुझे आकडे चुकले तर हसायला समोर कुणीतरी पाहिजे.”

शनिवारी आकडेवालीची जागा स्टुडिओत असते. सालफो दादा मला दहा मिनिटं बोलला, मग आकड्यांचे कागद माझ्या हातातून ओढून घेत म्हणाला, “जा. सामोंची चाकरी कर.”

गुरुवारी त्यांना यंत्रावर चार तास ठेवलं होतं. पायांची सूज उतरली होती, पण चेहरा जास्त खोल गेला होता. शनिवारी चार वाजता रेडिओवर समारंभ सुरू झाला. देल्फिनने झूम-कूमचे, बाजरीच्या गोड सरबताचे, पेले आणून ठेवले. त्यांना फक्त दोन घोट घ्यायची परवानगी होती. ते दोन घोट त्यांनी तासभर पुरवले.

छोटी बक्षिसं आधी. ध्वनीचं बक्षीस ट्युनिशियाला गेलं. छायाचित्रणाचं रवांडाला. प्रत्येक नावाआधी आनातोल तोए खाटेच्या कडेला बोटं घट्ट धरायचे आणि नंतर सोडायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, शहाण्णव आणि चार माहीत असलेला, आणि तरीही बोटं पांढरी पडत होती. मी ती बघत होते. गेल्या सहा महिन्यांत मी मांडलेल्या एकाही आकड्यामागे अशी बोटं असतील, हे मला सुचलं नव्हतं.

तिसरं बक्षीस. दुसरं बक्षीस सेनेगलच्या चित्रपटाला. तो माझा पहिला होता, शंभरात अडतीस. मग सोन्याचा घोडा. मोझांबिक. माझ्या यादीत सहावा.

त्यांची बोटं खाटेवरून सुटली आणि मांडीवर आली.

“ए गुलाम,” ते हळूच म्हणाले, “तुझाही घोडा पडला.”

“पडला, बाबा.”

“पडू दे. मोसी पडल्याशिवाय चालायला शिकत नाही.” ते हसायला गेले, पण हसू पुरं झालं नाही. देल्फिनने रेडिओ बंद केला आणि त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो ठेवू दिला. रडले असतील तर थोडंच. मी दुसरीकडे पाहत होते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “पुढचा महोत्सव दोन वर्षांनी, ना?”

“हो.”

“तेव्हा मी असेन का? आकडा सांग.”

“बाबा, पुरे आता,” देल्फिन म्हणाली.

“मी तिला विचारतोय. तिला नाही म्हणता येत नाही.”

आकडा माझ्याकडे होता. गुरुवारी रात्री, कुणी सांगितलं नसताना, मी त्यावरचे लेख शोधून वाचले होते. पंचाहत्तरीच्या पुढची माणसं, आठवड्यातून दोनदा यंत्रावर, हृदय अशक्त. ‘वैद्य नाही, मला काय कळतं,’ असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी देल्फिनकडे पाहिलं. या वेळी तिने मला काही खूण केली नाही.

“शंभरात बारा,” मी म्हणाले. “माझी चूक असू शकते. पण मोठी नसेल.”

“बारा.” त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. “चारच्या तिप्पट.”

“हो.”

“आणि सोमवारी गेलो नाही तर?”

“मग त्याला आकडा लागत नाही, बाबा.”

त्यांनी मान हलवली. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. रस्त्यावरून भोंगे वाजवत मोटरसायकली जायला लागल्या होत्या. कुणाचा तरी अंदाज खरा ठरला असणार.

“सोमवारची गाडी किती वाजता सांगितलीस?” त्यांनी मुलीला विचारलं.

“सांगितलीच नाही अजून.”

“मग सांग.”

देल्फिनने कमरेच्या कापडाला हात पुसले आणि फोन लावला. “सहाला,” ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. मग वडिलांकडे आणि फाटकापर्यंतच्या अंतराकडे तिने एकदा बघितलं. “नाही, साडेपाचला या. त्यांना चालत यायला वेळ लागतो.”