पक्षकाराच्या वतीने

उंची चटई डोक्यावरून घेऊन सिनापाती पहाटेपासून ऑकुसोच्या अंगणात बसली होती. घरात कोणीतरी खाकरलं, पण बाहेर कोणी आलं नाही. कसूरदाराने असं येऊन बसायचं आणि घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली, अशी सामोआतली जुनी रीत. खरं तर सगळं घराणं सोबत यायला हवं. पण तिच्या काकांनी साफ नकार दिला होता. कसूर कारखानदार ओटोची, मग आपण का माना घालायच्या, असं त्यांचं म्हणणं.

ओटोच्या नारळाच्या दुधाच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि तो सांभाळणारा ऑकुसो पाळीवर दारू पिऊन होता असं लिहून त्याला काढून टाकलं. ऑकुसो चर्चचा मानकरी, जन्मात थेंब न घेतलेला. बॉयलरची झडप महिनाभर गळत होती हे ओटोला ठाऊक होतं. मन खाऊ लागलं तसा तो चटई घेऊन निघालाही होता. त्याची वकील असलेल्या सिनापातीनेच त्याला ऑफिसात अडवलं. चटई पांघरलीस की कसूर कबूल, दावा हातचा गेला, असं तिने बजावलं. सव्वीस वर्षं राजधानी आपियात तिने हेच केलं होतं. कंपन्यांची आपसांतली भांडणं असोत की काढलेल्या माणसांचे दावे, वकीलपत्र नेहमी मालकाचं. ऑकुसोचा अर्ज मुदतीनंतर आला, एवढ्यावरच तिने तो कोर्टाला फेटाळायला लावला. चर्चने त्याला मागच्या बाकावर बसवलं. दोन वर्षांनी तो गेला, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

उन्हं वर आल्यावर ऑकुसोची बायको लोसा बाहेर आली. तिने चटई उचलली. सिनापातीला रडू फुटलं. लोसाने चटईची नीट घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"कोर्टात दुसऱ्याच्या वतीनं उभं राहता येतं, पोरी. इथं नाही बसता येत."

"मी माझ्यासाठी आलेय, मावशी."

"तुझ्यावर कुठं राग आहे माझा? तू पोटासाठी केलंस." लोसा अंगणातल्या नवऱ्याच्या फरशीच्या थडग्याकडे बघत म्हणाली, "हे रोज पहाटे मला अंगण झाडायला लावायचे. ओटो येईल म्हणायचे, बसायला जागा स्वच्छ पाहिजे. दोन वर्षं झाडलं मी."

लोसाने सिनापातीला कोको दिला, तो तिने पिऊन टाकला.

दहा वाजता कोर्टात ओटोच्या कारखान्यातून काढलेल्या एका बाईची तारीख होती. तिचाही अर्ज चार दिवस उशिरा आला होता. न्यायाधीशांनी मालकाचं म्हणणं विचारलं, तेव्हा सिनापाती उभी राहिली आणि मुदत टळल्याचं तिने सांगितलं.