पाणी काढल्यावर पाहणे

गेर्वासो मास्तरांना प्रश्न पडायचे आणि उत्तरं शोधत बसायचो आम्ही. मिलानच्या कालव्यावर आमचं फाटक. आलेली नाव दोन दारांमधल्या कोठीत घ्यायची, पाणी भरायचं, नाव उचलली गेली की पुढे सोडायची. नोकरी नवऱ्याच्या, देफेंदेन्तेच्या नावावर. दारं अर्धीअधिक मीच ओढायची. मास्तर यंत्रं बनवणारे मोठे माणूस, पण कमरेला वही बांधून आमच्या ओट्यावर तासन्‌तास बसत. सुतार दिसला की सुताराला विचार, धोबीण दिसली की धोबिणीला विचार.

एकदा मला म्हणाले, "ओर्सिना, दारं बंद असतानाही खालच्या दाराच्या डाव्या कवाडाशी पाणी गरगर का फिरतं गं?"

"उंबऱ्याखाली भोक असेल. दुसरं काय?"

त्यांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, वाचा की काय लिहिलंत ते. बिचाऱ्यांनी सरळ वाचलं, "फाटकवाली म्हणते, उंबऱ्याखाली भोक. विश्वास बसत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग विचारता कशाला? हसायला?" मी आत जाऊन कडी लावली. ते बाहेरून काहीतरी सांगत होते, मी ऐकलं नाही. पुढे ते आले की मला नेमकं काम निघायचं. हिवाळ्यात छाती भरून ते गेले. मी मातीला गेले, पण मनातली अढी काही गेली नाही.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात ते घडलं. संगमरवर भरलेली नाव कोठीत उभी होती, दोन्ही दारं बंद, आणि पाणी आपोआप घसरलं. नाव तिरकी होऊन भिंतीवर आदळली. कालव्यावरचे देखरेखवाले बास्सिआनो साहेब आले ते तणतणतच.

"देफेंदेन्ते, दारातली पाणी सोडायची खिडकी उघडी ठेवून ढोसत बसला होतास ना?"

"आईची शपथ साहेब, बंद होती."

"मग पाणी काय पंख लावून उडालं?"

"उंबऱ्याखाली भोक आहे," मी म्हटलं.

"तू पाहिलंस?"

"गेर्वासो मास्तरांच्या वहीत लिहिलंय!" तोंडातून निघून गेलं.

"मग आण ती वही. नाहीतर ईस्टरच्या आत घर रिकामं करा."

मास्तरांचा भाचा प्रोतासो नोटरी होता. मी पोचले तेव्हा तो वह्यांची पानं फाडून मसालेवाल्यासाठी गठ्ठा बांधत होता, पुड्यांना.

"मामांनी आयुष्यात एक गोष्ट पुरी केली नाही," तो म्हणाला. "नुसते प्रश्न! हे बघा. पाववाल्याला विचारणे, भट्टीचा धूर आधी खाली का बसतो. पाद्रीबाबांना विचारणे, घंटेचा आवाज नदीपलीकडे उशिरा का पोचतो. फाटकवालीला विचारणे... हं, सापडलं." त्याने वाचलं आणि मान हलवली. "विश्वास बसत नाही, असं लिहिलंय. हे नेलंत तर उरलीसुरली आशाही जाईल."

"पुढे काही नाही?" मी विचारलं.

त्याने पान उलटलं. "पण माझा विश्वास नाही म्हणून भोक बुजत नाही. ती रोज तिथे असते, मी नसतो. पाणी काढल्यावर पाहणे."

त्या दिवशी कडीबाहेरून ते हेच सांगत असणार. मी तिथेच रडले.

"ओर्सिनाबाई, हा काही पुरावा नाही. हा प्रश्नच आहे."

"प्रश्न तर प्रश्न. तोच घेऊन चला."

दर वसंतात गाळ काढायला कालवा कोरडा करतात. उपवासात मांस बंद, पण मासे चालतात, म्हणून त्या दिवशी अख्खी वस्ती टोपल्या घेऊन चिखलात उतरते. दाराशी मात्र कमरेएवढं डबकं राहतंच. मी आणि देफेंदेन्ते बादल्यांनी ते उपसायला लागलो.

"अगं ओर्सिना, मासे इकडे आहेत!" बायका ओरडल्या.

बास्सिआनो साहेब वही वाचून काठावर कमरेवर हात ठेवून उभे. दुपारी डबकं आटलं, तेव्हा ते स्वतः उतरले आणि डाव्या उंबऱ्याखाली काठी खुपसली. काठी गेली, जातच राहिली, कोपरापर्यंत हातही गेला.

"देफेंदेन्ते," हात बाहेर काढत ते म्हणाले, "घर सोडू नका." मग माझ्याकडे वळले. "किती वर्षं आहात इथे?"

"अकरा."

"म्हणजे अकरा वेळा पाणी काढलं. एकदाही वाकून पाहिलं नाहीत?"

अकरा वर्षं मी टोपलीभर वाम मासे धरले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. विश्वास बसत नाही म्हणाले म्हणून मी मास्तरांवर रुसले, आणि वाकून पाहायचं सुचलं ते फक्त त्यांनाच. जगले असते तर आज माझ्याआधी चिखलात उतरले असते. त्यांची फार आठवण आली.

प्रोतासो काठावर वही उघडून बसला होता. "काय लिहू?"

"लिहा, पाहिलं. भोक आहे."

त्याने लिहिलं. मी पुन्हा वाकून पाहिलं. उजव्या उंबऱ्याखाली दगड जसाच्या तसा होता.

"आणि खाली लिहा, डावीकडेच का?"

"कोणाला विचारणे?" त्याने लेखणी वर धरून विचारलं. मामांच्या प्रत्येक ओळीला एक नाव असायचंच.

चिखलाचे हात मी झग्याला पुसले.

"ओर्सिनाला," मी म्हटलं.