ओके हाये, जा

चंपतने उभी नोकरी डेपोच्या बसवर काढली. आदिलाबाद-निर्मल, आदिलाबाद-उटनूर, कधी थेट हैदराबाद. घाट उतरताना त्याला कधी भीती वाटली नाही. बस सुटायच्या आधी मेकॅनिक सुधाकर तिच्याखालून सरपटत बाहेर यायचा, चिंधीला हात पुसायचा आणि म्हणायचा, "ओके हाये, जा." मग चंपत जायचा. ड्रायव्हर काही दर वळणावर उतरून ब्रेक बघत नसतो. तो दुसऱ्याच्या शब्दावर पाय ठेवतो.

रिटायर झाल्यावर दोघेही आपल्या गावी, बेल्याला, परत आले. सुधाकरने जैनथच्या रस्त्याला लहानसं गॅरेज टाकलं. चंपतने एक जुनी पांढरी गाडी घेतली, त्याचा पोरगा अनुप शाळेत होता त्या काळातली. घरची माणसं हसली. पण मोठ्या बहिणीची, रुख्मिणीअक्काची, दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा तीच गाडी कामाला आली. दिवसाआड तिला डायलिसिससाठी आदिलाबादला न्यावं लागे. बसच्या पायरीवर तिचा सुजलेला पाय चढत नव्हता. गाडीत ती मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी व्हायची, आणि चंपत खड्डे चुकवत तिला अलगद न्यायचा.

उन्हं तापायला लागली तशी गाडी कुरकुरायला लागली. चालू करताच किंचाळल्यासारखा आवाज, आणि समोर बॅटरीचा लाल दिवा. सुधाकरने बॉनेट उघडून पाहिलं.

"क्रँकची पुली ढिली झाली," तो म्हणाला. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या त्या मोठ्या चाकावरूनच पट्टा फिरतो, आणि बॅटरी चार्ज होणं, इंजिनात पाणी फिरणं, सगळं त्या पट्ट्यावर. सुधाकरने बोल्ट आवळला, हात पुसले. "ओके हाये, जा."

काही दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा, एका सोमवारी, आवळून 'ओके हाये' म्हटल्यावर तो म्हणाला, "जुनी झाली रे आता. तू बी, आन् हे बी. ईकून टाक ना."

"तू मले ईकशीन आधी," चंपत हसला.

मग तो मंगळवार आला. जैनथच्या अलीकडे गाडीतून खडखडाट सुरू झाला, दिवा लागला, तापमानाचा काटा वर सरकत गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. चंपतने गाडी कडेला घेतली. पट्टा निघून खाली लोंबत होता. पुली वेडीवाकडी झुकली होती. फडक्याने धरून त्याने बोल्टला हात लावला, तर तो बोटांनी फिरला. काल आवळलेला बोल्ट!

एका बाभळीच्या विरळ सावलीत अक्का बसली. तिला धाप लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून करून चंपतचा खांदा दुखला. शेवटी कापसाच्या गठाणी उतरवून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने दोघांना घेतलं. दवाखान्यात अक्काची वेळ निघून गेली होती. सिस्टर तेलुगूत रागावली, पण अक्काचे काळेनिळे ओठ पाहून तिने कुणाची तरी विनवणी केली आणि मशीन मिळवून दिली.

बाहेरच्या बाकावर बसून चंपतने अनुपला फोन लावला. अनुप मंचेरियलला कारकून होता.

"गाडी बंद पडली रे बाप्पा, जैनथपाशी. पुली निघाली."

"आन् आत्या? आत्या होती काय गाडीत?"

"होतीच ना. तिलेच तं घेऊन चाललो होतो."

"मी काकाले सांगितलं होतं ना, आत्याच्या दिवशी नोको म्हनून!" अनुप ओरडलाच. "ते म्हने, नुसता आवाज येईन, लाइट लागन, बाबा कंटाळतीन..."

आणि वाक्य तिथेच तुटलं.

चंपतला आधी काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं, जसं पायातला काटा आधी कळत नाही आणि मग कळतो.

"कोनता काका?" त्याने विचारलं, जरी बेल्यात अनुपचा काका एकच होता, सुधाकर.

अनुप बोलत राहिला. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गेल्या पावसाळ्यात रात्री तुमी पुलाच्या कठड्याले गाडी घासली, मले झोप येत नव्हती, तुमी ऐकलं नसतं...

"ईचारलं होतं काय तू मले?"

"बाबा..."

"एकदा तरी? तोंडावर?"

त्याने फोन ठेवला. मग उठून बाजारात गेला, आणि नवा बोल्ट, पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारी नवी लोखंडी चावी, नवा पट्टा घेऊन आला. डेपोतल्या ओळखीच्या माणसाकडून टॉर्कचा पाना, ठरलेला ताण आला की कट्ट वाजणारा, मागून घेतला. गुरुवारी अक्काला पुन्हा यायचं होतं. रुसायला फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढून सुधाकरच्या गॅरेजसमोर आणली. पाने आणि गाडीखाली उतरायचा खड्डा अख्ख्या बेल्यात तिथेच होते. सुधाकर बाहेर आला. चंपतचं तोंड पाहून त्याला समजलं.

"अनुपनं फोन केला होता," तो म्हणाला. "चंपत, ऐक. पोरगा रडला बे माह्यासमोर. हात जोडले त्यानं. म्हने, बाबाचं काही झालं तं मी काय करू. मले वाटलं, तू वैतागशीन, गाडी ईकशीन. पुरा ढिला नव्हता ठेवला म्या. अर्धाच."

"अर्धा." चंपतने पुली उतरवून त्याच्या हातावर ठेवली. "हे पाह्य. चावी तुटली. शाफ्टची खाच खाल्ली. तुले मालूम नव्हतं काय, ढिली पुली काय करते ते? उभा जनम गाडीखाली गेला तुहा."

सुधाकरने पुली हातात फिरवून पाहिली.

"तू मले म्हनला असता, तुह्यानं होत नाही आता, बंद कर. म्या शिव्या देल्या असत्या. आठ दिवस बोललो नसतो. पन तू म्हनला, ओके हाये. तीनदा म्हनला."

"ऐकलं असतं काय तू?"

"नसतं ऐकलं," चंपत म्हणाला. "म्हनून काय अक्काले रस्त्यावर मारशीन?"

तो खड्ड्यात उतरला. शाफ्टची खाच चिंधीने पुसली, कानशीने तिच्या उठलेल्या कडा घासल्या. थोडक्यात वाचली होती. नवी चावी खाचेत नीट बसली, पुली तिच्यावर हलक्या हाताने सरकली, डुगडुगली नाही. नवा बोल्ट त्याने बोटांनी फिरवत आत नेला. पुढचं काम एकट्याचं नव्हतं. बोल्ट आवळताना इंजिन फिरतं, आत बसून कुणाला तरी ते रोखून धरावं लागतं.

"आत बस," तो सुधाकरकडे न बघता म्हणाला. "पाचव्या गिअरमदे टाक आन् ब्रेक दाबून ठेव."

सुधाकर बसला. चंपतने पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. गाडी किंचित हलली, थांबली. पाना कट्ट करून वाजला. त्याने पुन्हा एकदा ताण देऊन पाहिलं. पुन्हा कट्ट.

तिथेच वाकलेला असताना त्याला घाट आठवले. पावसात, धुक्यात, मागे पन्नास माणसं झोपलेली. त्या प्रत्येक खेपेला सुधाकर खरं तेच बोलला होता, नाहीतर आज चंपत इथे नसता. हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी ते सगळे शब्द आता तपासून घ्यावेसे वाटत होते, आणि तपासायला काही उरलं नव्हतं. पोरावरचा राग जाईल, पोरगं भित्रं आहे. पण हे जे गेलं ते कुठून आणायचं?

पट्टा चढवून त्याने गाडी चालू केली. आवाज नाही, दिवा नाही. सुधाकर सवयीने चिंधीला हात पुसायला लागला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

गुरुवारी वाटेत चंपतने अक्काला सगळं सांगितलं.

"तुह्याच जिवाले भेला ना पोरगा," ती म्हणाली.

"भेला. पन माह्याशी बोलाले जास्त भेला."

अक्का मशीनवर असताना तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. दिवसा चालवा, रात्री नको, डॉक्टर म्हणाला. अंधार पडल्यावर चंपतने पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही. अनुपला मात्र हे सांगितलं नाही. रविवारी अनुप आला, पायाशी बसला, चुकलो म्हणाला. चंपतने त्याला जेवू घातलं, नातवाची शाळा विचारली. गाडीची गोष्ट काढली नाही, आणि त्यालाही काढू दिली नाही.

संध्याकाळी फाटक वाजलं. सुधाकर होता. हातात चहाचा थर्मास, नेहमीसारखा. इतके दिवस तो न विचारता आत येऊन खाटेवर टेकायचा, आणि चंपत म्हणायचा, आला काय बे?

चंपत उठून उभा राहिला. खुर्ची ओढून पुढे केली.

"या, सुधाकरराव," तो म्हणाला. "बसा तुमी."

सुधाकरने थर्मास ओट्यावर ठेवला. तो बसला नाही.