नानाजी मास्तरांची कल्पनाशक्ती

धानोऱ्याजवळच्या एका जंगलगावात निवृत्त नानाजी मास्तरांनी भविष्यातल्या काळ्या दिवसांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. गावात त्या कुणी वाचल्या नव्हत्या. घरात तर मुळीच नाही. त्यामुळे त्यांच्यावर प्रबंध लिहिणारी दीपिका चंद्रपूरहून आली, तेव्हा मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. आपली कल्पनाशक्ती अफाट आहे, एवढं कुणीतरी एकदा छापावं, हीच त्यांची आस होती.

तिन्ही कादंबऱ्यांत फिरून फिरून येणारे मुद्दे दीपिकाने वहीत उतरवून आणले होते. माणूस कोण, हे फक्त यंत्र ठरवतं. त्या यंत्रापुढे उभं राहायला सारं गाव डोंगर चढतं. आणि शेवटी नायक ते यंत्र दगडावर आपटून फोडतो. हे सुचलं कसं, असं तिने विचारलं. मास्तर घसा खाकरून एकांत, चिंतन वगैरे सांगू लागले, तोच त्यांच्या बायकोने, अंजनाबाईने, थैला उचलला.

"टेकडीवरच चाल वं पोरी. रेंज तिथीच भेटते, राशनची मशीन बी तिथीच चालते."

मास्तर तिला अडवायला उठले. नेमकं आजच राशन यायचं होतं! पण दीपिका चपला घालून निघालीसुद्धा.

टेकडीवर मोहाच्या सावलीत अख्खं गाव बसलं होतं. राशन दुकानदार लच्छू अंगठ्यावरून माणूस ओळखणारी मशीन आभाळाकडे धरून रेंज शोधत होता. दीपिकाने वही उघडली आणि पहिल्या दोन मुद्द्यांवर काट मारली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंजनाबाईचा अंगठा चारदा लावूनही लागेना. धानाचे रोवणे आणि तेंदूपत्त्याची तोडणी करता करता त्यावरच्या रेघाच झिजून गेल्या होत्या.

"मावशी, तू अंजनाबाई नाई म्हणते मशीन," लच्छू म्हणाला. तो तिचा सख्खा भाचा.

दीपिकाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले. त्यांनी लच्छूच्या हातून मशीन घेतली. समोर दगडही चांगला मोठा होता.

मास्तरांनी सदऱ्याच्या टोकाने मशीनची काच पुसली, बायकोचा अंगठा तिच्याच तेलकट केसांवर घासला आणि अदबीने टेकवला. हिरवा दिवा लागला, तसे त्यांनी मशीनला हात जोडले.

उतरताना दीपिका म्हणाली, "सर, तिसरा मुद्दा मात्र ठेवते. ती तुमची शुद्ध कल्पना आहे."

इतकी वर्षं वाट पाहिलेलं कौतुक मिळालं, आणि मास्तरांना मान वर करवेना.