सातही जण हजर

शेजारच्या जमीनवाल्यानं जागा आपली म्हणत म्हसवडच्या अभ्यासिकेला खुशाल कुलूप ठोकलं. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरींची पुस्तकं आतच अडकली. अभ्यासिका सांभाळणारी आम्रपाली तडक साताऱ्याला वकिलाकडं निघाली, सोबत आप्पासाहेबांना घेऊन. अभ्यासिका चालवणारं मंडळ काढणाऱ्या सात जणांपैकी आता तेवढेच उरले होते.

उदयसिंह वकील माणूस मोकळा. "मंडळ नोंदणीकृत आहे, जागाही मंडळाच्या नावावर आहे. दावा लावू. सही कुणाची?"

"माझी. मी सचिव."

"गावात असाल, ताई. धर्मादाय कार्यालयात अजून ते पहिले सात जणच आहेत."

गेलेल्यांची नावं काढून नवी लावायचा अर्ज कुणी केलाच नव्हता. ज्यांनी डोक्यावर दगड वाहून भिंती उभ्या केल्या, त्यांची नावं खोडायला वस्तीत कुणाचा हात धजणार?

"हरकत नाही," वकील म्हणाले. "आप्पासाहेब नोंदीवर आहेत, ते अर्ज देतील."

तिचा जीव भांड्यात पडला. पण सभेचं इतिवृत्त चाळताना वकील थबकले. "गेल्या वर्षीच्या सभेला सातही जण हजर?"

आता हे वकिलाला कसं सांगायचं! दर वर्षी सभेत आधी त्या सातांची नावं पुकारायची आणि गेलेल्यांच्या नावाला सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हणायचं, अशी वस्तीची रीत. आम्रपालीनं मायेनं तसंच लिहिलं होतं. कायद्याला माया कळत असती तर आणखी काय हवं होतं!

"समोरचा वकील याला बनावट म्हणणार. वाट एकच. हजेरी खोटी होती, असं आप्पासाहेबांनी प्रतिज्ञापत्रात लिहून द्यायचं."

आप्पासाहेब ताठ झाले. "खोटी कशी? समदी वस्ती हजर म्हनली. दोस्तांस्नी मी गैरहजर लिवून देऊ व्हय? न्हाई जमायचं."

"आप्पा, पोरींची परीक्षा तोंडावर आलीया. तुमच्या एका सहीवर समदं अडलंय." आम्रपालीनं हात जोडले.

"पोरींसाठी जीव माग, देतो. पर खोटं बोलाय लावू नगं."

वकिलांनी फाईल मिटली. "मग माझाही इलाज नाही. मंडळ कायद्यानं आहे, पण त्याच्या वतीनं बोलायला कुणी नाही."

आम्रपालीला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आलं ते रडूच.

एसटी स्टँडवर तिनं आप्पासाहेबांना चहा आणून दिला. ते लय समाधानात होते.

"वकिलापुढं खरं बोललो, बरं झालं," चहा फुंकत ते म्हणाले. "आता कुलूप कवा काढत्यात गं?"